तापमान असलेली क्वांटम फील्ड थिअरी शिकायला सुरुवात कशी करावी

मराठवाड्यातील महाविद्यालयांत एम.एस्सी. भौतिकशास्त्र करणाऱ्या आणि सैद्धांतिक भौतिकीची ओढ असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात एक क्रम पक्का बसलेला असतो: आधी क्वांटम मेकॅनिक्स, मग सापेक्षता, मग क्वांटम फील्ड थिअरी (कणांना फील्डची कंपने मानणारा सिद्धांत) पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि ते सगळे पचल्यावर, जमलेच तर, तापमानाचा विचार. हा क्रम कागदावर नीटनेटका दिसतो, पण त्यामुळे बरेच जण तिसऱ्या टप्प्यावरच अडकून पडतात आणि तापमानाची पाळी कधी येतच नाही. वास्तविक शून्याहून अधिक तापमानावरील फील्ड थिअरीत शिरण्याची सोपी वाट सांख्यिकी भौतिकीच्या बाजूने जाते. ज्याने कॅनॉनिकल समुच्चयाचे पार्टिशन फंक्शन (सर्व ऊर्जापातळ्यांच्या बोल्ट्झमन गुणकांची बेरीज) मन लावून शिकले आहे आणि ज्याला सरल आवर्त दोलकाच्या ऊर्जापातळ्या पाठ आहेत, त्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते.

येथे सुचवलेल्या मार्गाचा सगळा भर एका बेरजेवर आहे: गरम दोलकाच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी देणाऱ्या. ती साध्या कॅल्क्युलेटरवर करता येते, तिचे उत्तर पदवीच्या अभ्यासातून पडताळता येते, आणि तरीही या विषयातील बहुतेक मोठ्या अडचणी त्याच बेरजेच्या एका पदापाशी सुरू होतात. विद्यार्थ्याने ती बेरीज हाताने करावी, केवळ वाचून पुढे जाऊ नये, एवढी एक अट मी आग्रहाने घालतो.

तयारी किती हवी

हवे ते असे: दोलकाचे चढ-उतार करणारे ऑपरेटर, पार्टिशन फंक्शन आणि त्यातून मुक्त ऊर्जा काढण्याची रीत, गाऊसचे इंटिग्रल, फूरिए श्रेणी आणि संमिश्र चलांतील रेसिड्यू प्रमेय. फील्ड थिअरीपैकी क्लाइन-गॉर्डन फील्ड म्हणजे अनंत दोलकांचा संच कसा, प्रोपगेटर (फील्डची हालचाल एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत कशी पोचते ते सांगणारे फलन) म्हणजे काय आणि एका लूपची आकृती कशी लिहावी, इतके आले की सुरुवातीपुरते भागते. कणांच्या टकरींचे काटछेद, गॅमा मॅट्रिक्सच्या लांबलचक ट्रेस, गेज निश्चितीचे बारकावे हे सगळे पुढे लागते, पण पहिल्या तीन-चार महिन्यांत त्यांची गरज पडत नाही आणि त्यांच्यासाठी थांबून राहण्यात शहाणपण नाही.

एककांची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. या विषयात प्रकाशाचा वेग, प्लांकचा लघुकृत स्थिरांक आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक हे तिन्ही १ धरतात, त्यामुळे तापमान ऊर्जेच्या एककात मोजले जाते आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन होतात. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंश सेल्सिअसवर जातो तेव्हा केल्विनमध्ये ते ३१७ आणि इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये केवळ ०.०२७३ इतके असते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणजे त्या उकाड्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी उष्णतेतून आपोआप निर्माण होण्याची शक्यता ठरवणाऱ्या बोल्ट्झमन गुणकात ई या संख्येचा घात उणे काही कोटी इतका येतो. प्रयोगशाळेतील कणभौतिकी तापमान शून्य धरून का चालते आणि विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणांचा विचार करताना तसे का चालत नाही, हे या एका भागाकारातून कळते. फोटॉनला आणि घन पदार्थातील फोनॉनला (अणूंच्या कंपनांच्या क्वांटमला) मात्र वस्तुमानाची ही आडकाठी नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी परभणीचा उन्हाळाही तापमानच आहे.

एकच दोलक

फील्ड बाजूला ठेवून एक दोलक घ्यावा. त्याच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर असल्यामुळे पार्टिशन फंक्शन ही साधी भूमितीय श्रेणी होते, आणि मुक्त ऊर्जेचे दोन भाग पडतात: एक, वारंवारितेच्या निम्म्या मूल्याइतकी शून्यबिंदू ऊर्जा, जिचा तापमानाशी काही संबंध नाही, आणि दुसरा, लॉगॅरिदमचा भाग, जो तापमान शून्याकडे नेले की नाहीसा होतो. ही विभागणी वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. पुढे फील्डमध्ये मोठ्या ऊर्जेच्या टोकाला जी अनंत मूल्ये येतात ती सगळी पहिल्या भागातून येतात, आणि दुसरा भाग त्या टोकाला स्वभावतःच सान्त राहतो, कारण मोठ्या ऊर्जेवर बोसचा गुणक (त्या ऊर्जेच्या अवस्थेत सरासरी किती क्वांटम आहेत ती संख्या) घातांकी वेगाने कोसळतो. तापमानामुळे रिनॉर्मलायझेशनचे, म्हणजे अनंत मूल्ये सिद्धांताच्या स्थिरांकांत सामावून घेण्याचे, नवे संकट उभे राहत नाही, हे विधान पुस्तकांत प्रमेयासारखे येते, पण त्याचे बीज या दोन पदांत आहे.

आता तेच पार्टिशन फंक्शन दुसऱ्या वाटेने काढावे. काळाबरोबर अवस्था पुढे नेणाऱ्या ऑपरेटरमध्ये घातांकात हॅमिल्टोनियन, काळ आणि काल्पनिक एकक यांचा गुणाकार असतो. पार्टिशन फंक्शनमध्ये घातांकात हॅमिल्टोनियन आणि बीटा, म्हणजे तापमानाचा व्यस्तांक, यांचा गुणाकार असतो. दोन्हींची तुलना केली की तापमान म्हणजे काल्पनिक दिशेने बीटाइतका चाललेला काळ, असे दिसते. त्यातच ट्रेस (सर्व अवस्थांवरची बेरीज, जिच्यात सुरुवातीची आणि शेवटची अवस्था एकच असते) घ्यायचा असल्यामुळे जिथून निघालो तिथेच परत यावे लागते, म्हणून काल्पनिक काळाची ही रेषा सरळ न राहता बंद वर्तुळ होते आणि त्या वर्तुळाचा परीघ बीटा असतो. तापमान जितके जास्त, तितके वर्तुळ लहान. ताकेओ मात्सुबारा यांनी १९५५ मध्ये या कल्पनेवर पद्धतशीर गणनरीत उभी केली. तिचा उपयोग आधी घन पदार्थांच्या सिद्धांतात झाला आणि कणभौतिकीने ती मोठ्या प्रमाणावर हाती घेतली ती नंतर.

बंद वर्तुळावरची फलने फूरिए श्रेणीत मांडता येतात, आणि तिथे पूर्ण संख्येने बसणाऱ्या लहरीच चालतात. म्हणून बोसॉनसाठी (फोटॉनसारख्या, एकाच अवस्थेत कितीही राहू शकणाऱ्या कणांसाठी) वारंवारिता दोन पाय (π) गुणिले तापमान याच्या पूर्णांक पटींतच येतात. फर्मिऑनच्या (इलेक्ट्रॉनसारख्या, एका अवस्थेत एकच राहणाऱ्या कणांच्या) बाबतीत एक फेरी पूर्ण झाल्यावर चिन्ह बदलते, त्यामुळे वारंवारिता पाय गुणिले तापमान याच्या विषम पटींत येतात. यातील महत्त्वाचा भेद असा की बोसॉनच्या यादीत शून्य ही वारंवारिता असते आणि फर्मिऑनच्या यादीत ती कधीच नसते. हे चिन्ह का बदलते, याचे स्पष्टीकरण ग्रासमन चलांच्या (गुणाकाराचा क्रम बदलला की चिन्ह बदलणाऱ्या चलांच्या) गणितात आहे. पण ज्याला ते गणित नवे आहे त्याने आधी रिकामी आणि भरलेली अशा दोनच अवस्था असलेली प्रणाली घ्यावी आणि विषम पटींनीच फर्मी-डिराकचा गुणक बरोबर येतो, हे पडताळून पाहावे. कारण नंतर वाचले तरी हरकत नाही.

ती बेरीज

दोलकाच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काढायची आहे. वर्तुळावरच्या फूरिए श्रेणीतून ती अशी मिळते: प्रत्येक मात्सुबारा वारंवारितेच्या वर्गात दोलकाच्या वारंवारितेचा वर्ग मिळवावा, त्याचा व्यस्तांक घ्यावा, धन, ऋण आणि शून्य अशा सर्व पूर्णांकांवर बेरीज करावी आणि शेवटी तापमानाने गुणावे. दोलकाचे वस्तुमान, वारंवारिता आणि तापमान ही तिन्ही १ धरली तर शून्य क्रमांकाचे पद १ येते. पहिल्या क्रमांकाच्या पदाचा छेद ३९.४७८ अधिक १, म्हणून ते पद ०.०२४७, दुसरे ०.००६३, तिसरे ०.००२८, चौथे ०.००१६, पाचवे ०.००१०. या पाचांची बेरीज ०.०३६४ होते, ऋण क्रमांकांसाठी ती दुप्पट करावी लागते, आणि शून्याच्या पदासह एकूण १.०७२८ येते. उरलेल्या शेपटाचा अंदाज इंटिग्रलने केला तर आणखी ०.००९२ मिळतात. म्हणजे १.०८२.

रेसिड्यू प्रमेय वापरून हीच बेरीज बंद रूपात मांडता येते आणि तिचे उत्तर एक अधिक बोस गुणकाची दुप्पट, भागिले वारंवारितेची दुप्पट, असे येते. आकडे घातले की १.०८१९७७. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये फोटॉन मोजण्याच्या वेगळ्या युक्तीतून जी सांख्यिकी मिळवली, तिचा गुणक इथे एका वर्तुळावरच्या लहरी मोजून आपोआप हाती येतो. विद्यार्थ्याने ही रीत रेसिड्यूसह एकदा पूर्ण लिहून काढावी, कारण पुढची प्रत्येक लूप-गणना याच युक्तीवर चालते.

परंतु बंद रूप मिळाल्यावर बेरीज विसरून जाऊ नये. अभिजात सांख्यिकी भौतिकीतील ऊर्जेच्या समविभागणीच्या नियमाने विस्थापनाच्या वर्गाची सरासरी नेमकी १ येते, आणि आपल्या बेरजेत शून्य क्रमांकाचे एकटे पदही नेमके १ आहे. हा योगायोग नाही. शून्य वारंवारितेची लहर म्हणजे काल्पनिक काळात न बदलणारी, स्थिर लहर, आणि अभिजात भौतिकी सगळी तिच्यात असते. बाकीची सर्व पदे मिळून जे ०.०८२ येतात ती क्वांटम दुरुस्ती. आता तापमान ०.१ करून पाहावे: शून्याचे पद ०.१ इतके घसरते, एकूण उत्तर मात्र ०.५० च्या जवळ राहते, म्हणजे थंडीत क्वांटम भाग वरचढ होतो. उलट तापमान वाढवत नेले की शून्याचे पद इतरांना झाकून टाकते. उच्च तापमानावर चार मितींचा सिद्धांत तीन मितींच्या स्थिर सिद्धांतासारखा वागू लागतो, या प्रगत प्रकरणाचा आशय एवढाच आहे आणि तो एका दोलकावर तपासून झालेला आहे.

दोलकाकडून फील्डकडे

मुक्त फील्ड म्हणजे प्रत्येक संवेगासाठी एक दोलक, त्यामुळे वरचे उत्तर सर्व संवेगांवर इंटिग्रेट केले की काम होते. वस्तुमान शून्य असलेल्या एका स्केलर फील्डचा (प्रत्येक बिंदूवर एकच संख्या असलेल्या फील्डचा) दाब पायचा वर्ग भागिले ९० गुणिले तापमानाचा चौथा घात इतका येतो. फोटॉनला ध्रुवीकरणाच्या दोन दिशा असल्यामुळे त्याचा दाब याच्या दुप्पट आणि ऊर्जा घनता दाबाच्या तिप्पट. यात काढून टाकलेले स्थिरांक परत घालून स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक काढावा; तो एसआय एककांत ५.६७ गुणिले १० चा उणे ८ वा घात असा यायला हवा. न आल्यास चूक बहुधा ऊर्जा घनता आणि पृष्ठभागावरून निघणारा प्रवाह यांच्यातील एकचतुर्थांशाच्या गुणकात असते. फर्मिऑनसाठी प्रत्येक घटकाला सात अष्टमांशाचा गुणक लागतो. तो लक्षात ठेवण्याऐवजी फर्मी गुणक हा दोन बोस गुणकांच्या वजाबाकीत कसा मांडता येतो ते पाहावे, मग तो दोन ओळींत सुटतो.

इथपर्यंत नवे काही घडलेले नाही. परस्परक्रिया आली की विषय सुरू होतो.

स्केलर फील्डच्या चौथ्या घाताची परस्परक्रिया घ्यावी, कपलिंगला, म्हणजे परस्परक्रियेच्या ताकदीला, लॅम्डा म्हणावे आणि त्याला २४ ने भागावे. सर्वांत सोपी आकृती म्हणजे प्रोपगेटरवर बसलेला एकच लूप. त्या लूपमध्ये आपलीच बेरीज आहे, फक्त तिच्यावर संवेगाचे इंटिग्रल चढलेले आहे. शून्य तापमानाचा अनंत भाग नेहमीच्या रिनॉर्मलायझेशनमध्ये जातो. तापमानाचा भाग, म्हणजे बोस गुणक भागिले ऊर्जा याचे तीन मितींतील इंटिग्रल, वस्तुमान शून्य असताना तापमानाचा वर्ग भागिले १२ इतका येतो, कारण त्यातील शुद्ध संख्येचे इंटिग्रल पायवर्ग भागिले ६ आहे. त्याला लॅम्डाच्या निम्म्याने गुणले की वस्तुमानाचा वर्ग लॅम्डा गुणिले तापमानाचा वर्ग भागिले २४ असा मिळतो. मुळात वस्तुमान नसलेल्या कणाला गरम माध्यमात वस्तुमान आले. या विषयातील पहिला खरा निष्कर्ष हाच आहे, आणि तो इतक्या थोड्या गणितात हाती येतो, हे मला आजही विशेष वाटते.

एक सावधगिरी इथेच सांगतो. वेगवेगळ्या पुस्तकांत लॅम्डाला कुठे २४ ने, कुठे ४ ने भागलेले असते, तर कुठे भागलेलेच नसते. चारने भागणाऱ्या पुस्तकात हेच वस्तुमान लॅम्डा गुणिले तापमानवर्ग भागिले ४ असे छापलेले दिसेल आणि दोन्ही बरोबरच असतील. दोन पुस्तके एका वेळी उघडण्याआधी दोन्हींचे लॅग्रांजियन वहीच्या पहिल्या पानावर शेजारी-शेजारी लिहून ठेवावे.

शून्याच्या पदाचा त्रास

पुढची पायरी म्हणून विद्यार्थी दोन लूपच्या आकृत्या काढायला जातो आणि तिथे इंटिग्रल कमी संवेगाच्या टोकाला अनंताकडे जाते. दोष कुठला? वस्तुमान शून्य धरले तर शून्य वारंवारितेच्या प्रोपगेटरमध्ये संवेगाच्या वर्गाखेरीज छेदात काहीच उरत नाही, आणि असे दोन-तीन प्रोपगेटर एकत्र आले की लहान संवेगावर इंटिग्रल टिकत नाही. इतर सर्व पदांत मात्सुबारा वारंवारिता स्वतःच वस्तुमानासारखे काम करते, म्हणून ती पदे सुरक्षित असतात. अडचण सगळी एका पदाची आहे.

उपायही त्यातूनच निघतो. आपण नुकतेच काढलेले उष्णतेचे वस्तुमान शून्याच्या पदाच्या प्रोपगेटरमध्ये आधीच घालावे, म्हणजे एकाच लूपला माळेसारखे लूप लावलेल्या सर्व आकृत्यांची बेरीज एका फटक्यात होते. असे केल्यावर वस्तुमानाच्या वर्गाला जी पहिली दुरुस्ती मिळते, तिच्यात एक वजा, ३ भागिले पाय, गुणिले वस्तुमान आणि तापमान यांचे गुणोत्तर असा गुणक येतो. यात लॅम्डाचे वर्गमूळ आले आहे. फाइनमन आकृत्यांत लॅम्डाचे पूर्णांक घातच येतात, अशी आपली समजूत असते. ती इथे मोडते.

आता लॅम्डा १ धरून आकडा काढावा. शून्य तापमानावर दुरुस्तीचा अंदाज लॅम्डा भागिले १६ पायवर्ग, म्हणजे सुमारे १५८ चा व्यस्तांक, ०.६ टक्के इतका असतो. गरम माध्यमात मात्र वस्तुमान आणि तापमानाचे गुणोत्तर २४ च्या वर्गमुळाचा व्यस्तांक, म्हणजे ०.२०४, आणि दुरुस्ती १९ टक्क्यांहून अधिक. तेच कपलिंग, तोच सिद्धांत, आणि दुरुस्ती तीस पटींनी मोठी. उष्ण माध्यमातील पर्टर्बेशन थिअरी (कपलिंगच्या वाढत्या घातांनी दुरुस्त्या जोडत जाण्याची रीत) इतक्या सावकाश का अभिसरते, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या सिद्धांतात हीच अडचण अधिक चिवट होते. तिथे विद्युत प्रकारच्या ग्लुऑनला उष्णतेचे वस्तुमान मिळते, पण चुंबकीय प्रकारच्या स्थिर ग्लुऑनला पर्टर्बेशनच्या पहिल्या पायरीवर ते मिळत नाही, आणि एका ठरावीक घातानंतर अनंत आकृत्या सारख्याच वजनाच्या होतात. आंद्रेई लिंडे यांनी १९८० मध्ये ही मर्यादा दाखवून दिली. हलणाऱ्या, वेळेनुसार बदलणाऱ्या मंद लहरींसाठी कोणत्या आकृत्या एकत्र बेरजेत घ्याव्यात, याची शिस्त एरिक ब्राटेन आणि रॉबर्ट पिसार्स्की यांनी १९९० मध्ये घालून दिली, तिला हार्ड थर्मल लूप म्हणतात. नवशिक्याने या दोन्हींचे नाव ऐकून ठेवावे. त्यांची गणिते पहिल्या वर्षी करायला घेऊ नयेत.

खऱ्या काळाकडे परतताना

काल्पनिक काळाची रीत समतोलातील राशींसाठी, म्हणजे दाब, एंट्रॉपी, वस्तुमान यांसाठी उत्तम आहे. कण किती वेगाने विरून जातो किंवा माध्यमाची विद्युतवाहकता किती, असे प्रश्न आले की खरा काळ लागतो. त्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, काल्पनिक वारंवारितांवर मिळालेले उत्तर संमिश्र प्रतलातून वास्तव अक्षावर नेण्याचा. इथे एक खाच आहे: बाहेरची वारंवारिता मात्सुबारा यादीतील असताना तिच्यामुळे येणारा घातांकी गुणक बोसॉनसाठी १ असतो, आणि तो १ वास्तव अक्षावर जाण्याआधीच ठेवावा लागतो. आधी अक्ष बदलला आणि मग गुणक तपासला, तर दिसायला व्यवस्थित पण साफ चुकीचे उत्तर मिळते. हा रस्ता खात्रीचा का, याचे मूळ समतोलातील सहसंबंधांच्या एका अटीत आहे, जी कुबो यांनी १९५७ मध्ये आणि मार्टिन व श्विंगर यांनी १९५९ मध्ये मांडली.

दुसरा रस्ता काळाच्या रेषेवर पुढे जाऊन मागे परतणाऱ्या मार्गाचा आहे. श्विंगर यांचे १९६१ चे आणि लेओनिद केल्डिश यांचे १९६४ चे काम त्याच्या मुळाशी आहे. त्यात प्रत्येक फील्ड दुहेरी होते आणि प्रोपगेटर दोन बाय दोनचा मॅट्रिक्स होतो. समतोल मोडलेल्या प्रणालींसाठी तो अटळ आहे. तरीही माझे मत असे की ज्याच्या हातून मात्सुबाराची बेरीज दहा-वीस प्रकारे झालेली नाही, त्याने त्या मॅट्रिक्सला हात लावण्याची घाई करू नये.

हे सगळे कुठे लागते

गरम माध्यमात वस्तुमानाचा वर्ग धन दिशेने वाढतो, हे आपण पाहिले. मूळ सिद्धांतात तो ऋण असेल, म्हणजे सममिती मोडलेली असेल, तर पुरेशा तापमानावर तो धन होऊन सममिती परत येऊ शकते. डेव्हिड किर्झनित्स आणि लिंडे यांनी १९७२ मध्ये हा विचार कणभौतिकीत आणला, आणि १९७४ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी तसेच लुईस डोलन आणि रोमन जॅकिव यांनी त्याची सविस्तर गणिते केली. आज आपल्याला माहीत असलेल्या प्रमाण प्रतिकृतीत (मूलकण आणि त्यांच्यातील बलांच्या मान्य सिद्धांतात), हिग्ज कणाचे वस्तुमान १२५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) धरता, हा बदल सुमारे १६० जीईव्ही तापमानाला होतो आणि तो पाणी उकळावे तसा बुडबुड्यांनी होत नाही, सलग होतो. क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होण्याचा बदलही, बॅरिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची) घनता नगण्य असताना, सलगच आहे; त्याचे तापमान सुमारे १५५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे जवळपास १.८ गुणिले १० चा १२ वा घात इतके केल्विन. हे माध्यम अमेरिकेतील ब्रूकहेवन आणि युरोपातील सर्न या प्रयोगशाळांत जड अणुकेंद्रकांच्या टकरींतून क्षणभर तयार केले गेले आहे, आणि संगणकावर त्याचा अभ्यास करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाचे काम बऱ्याच वर्षांपासून आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत असल्याने आपल्याकडचे विद्यार्थी हमखास विचारतात, की आदिम विश्वातील अवस्थाबदलांच्या गुरुत्वीय लहरी तिथे सापडतील का. बुडबुड्यांनी होणारा बदल अशा लहरी निर्माण करतो, हे खरे. पण शंभर जीईव्हीच्या आसपास झालेल्या बदलाच्या लहरी विश्वाच्या प्रसरणाने ताणल्या जाऊन आज मिलिहर्ट्झच्या पट्ट्यात असतील, आणि जमिनीवरची वेधशाळा दहा हर्ट्झच्या वर ऐकते. त्या पट्ट्यासाठी लिसासारखी अंतराळातील यंत्रणा लागते. औंढ्याच्या वेधशाळेचे मोल वेगळ्या कामांसाठी आहे, आणि त्याची सांगड या विषयाशी ओढूनताणून घालू नये.

साधने आणि अभ्यासाची रीत

पुस्तकांपैकी जोसेफ कपुस्टा आणि चार्ल्स गेल यांचे पुस्तक काल्पनिक काळापासून सुरू होते आणि पार्टिशन फंक्शन धरून चालते, म्हणून सांख्यिकी भौतिकीकडून येणाऱ्याला ते जवळचे वाटते. मिशेल ल बेलॅक यांचे पुस्तक नेटके पण दाट आहे. ते दुसऱ्या वाचनासाठी ठेवावे. मिक्को लाइने आणि अलेक्सी वुओरिनेन यांची व्याख्यानरूप टिपणे आर्काइव्हवर (arXiv या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर) विनामूल्य आहेत आणि त्यांत मधल्या पायऱ्या वगळलेल्या नाहीत. अंबाजोगाई किंवा उदगीरसारख्या ठिकाणी राहून एकट्याने शिकणाऱ्याला मी आधी हीच टिपणे घ्यायला सांगेन. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाता येत असेल तर बाकीची पुस्तके तिथे शोधावीत, पण पुस्तक मिळेपर्यंत थांबण्याचे कारण उरलेले नाही. फील्ड थिअरीचा पाया कच्चा असेल तर एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन मंचावरील व्याख्यानमालांतून तो बेताबेताने भरून काढावा.

एकट्यापेक्षा दोघांनी शिकलेले बरे. रविवारी तासभर फोनवर एकाने फळ्यावर मांडावे तशी एक गणना दुसऱ्याला समजावून सांगावी आणि दुसऱ्याने फक्त गुणक तपासावेत. या विषयात चुका कल्पनेत कमी आणि दोन, पाय आणि चिन्ह यांत जास्त होतात. नेट-सेटच्या तयारीत असणाऱ्यांनी हा अभ्यास परीक्षेच्या मोसमात बाजूला ठेवला तरी चालेल. सांख्यिकी भौतिकीच्या प्रश्नांना त्याचा फायदा होतोच, पण परीक्षेसाठी म्हणून हा विषय धरणे हा वेळेचा हिशेब जुळणारा नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एक काम सुचवतो, ज्याला साध्या लॅपटॉपवर पायथन पुरते. काल्पनिक काळाच्या वर्तुळाचे समान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर दोलकाचे विस्थापन ही एक संख्या ठेवावी, मेट्रोपोलिस पद्धतीने (यादृच्छिक बदल सुचवून ते ठरावीक शक्यतेने स्वीकारण्याच्या रीतीने) त्या संख्या हलवत राहाव्यात आणि विस्थापनाच्या वर्गाची सरासरी मोजावी. तापमान आणि वारंवारिता १ असताना अपेक्षित उत्तर आपल्याकडे आहेच: १.०८२. परंतु तुकडे मोजकेच असल्यामुळे नेमके तेवढे येणार नाही. चार तुकड्यांसाठी ते १.०७६ आणि आठ तुकड्यांसाठी १.०८०५ यायला हवे, आणि हे दोन्ही आकडे मात्सुबाराच्या बेरजेत वारंवारितेच्या वर्गाऐवजी साइनचा वर्ग घालून हातानेही काढता येतात. दहा लाख स्वतंत्र नमुने घेतले तरी सांख्यिकी चूक ०.००१५ च्या आसपास राहते, म्हणून चार आणि आठ तुकड्यांतला फरक दिसण्यासाठी संगणक रात्रभर चालू ठेवण्याची आणि मधे वीज गेली तर पुन्हा तिथूनच सुरू करता यावे यासाठी दर काही मिनिटांनी सगळ्या संख्या फाइलमध्ये साठवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आधीच करावी. तुकडे दुप्पट केले की खऱ्या उत्तरापासूनचे अंतर ०.००६० वरून ०.००१५ वर, म्हणजे चौथाईवर येते. त्याच आधारे सोळा तुकड्यांचे उत्तर आधी कागदावर वर्तवावे आणि मग प्रोग्रॅम चालवावा. क्वार्क-ग्लुऑन माध्यमाचे १५५ एमईव्ही हे तापमान काढताना लॅटिसवर (अवकाश-काळाचे तुकडे करून केलेल्या जाळीवर) काम करणारे गटही काळाच्या दिशेने सहा, आठ, दहा, बारा तुकडे घेऊन असेच अंतर शून्याकडे नेतात.